पहिल्या बोटीचा विमा: दुसऱ्याच्या लबाडीचा भुर्दंड आपल्या हप्त्यात

नवी मुंबईतले दिवाळे गाव असो, सारसोळे असो, ऐरोलीचा दिवा कोळीवाडा असो नाहीतर पार उत्तन, पहिली बोट घेणारा माणूस इंजिन, जाळी, डिझेल, बर्फ यांचा हिशेब पैशापैशाने मांडतो. विम्याचा आकडा मात्र एजंट सांगेल तो लिहून घेतो. तो ऐकल्यावर सगळ्यांच्या तोंडी प्रश्न एकच: "गाडीचा विमा एवढ्यात होतो, मग बोटीलाच इतके का?" वारा, लाकूड, खारे पाणी ही कारणे आहेतच. त्यात आणखी एक कारण मिसळलेले असते आणि त्याबद्दल जेटीवर दबक्या आवाजात बोलले जाते: खोटे दावे. पहिली पॉलिसी कशी काढावी हे इथे क्रमाने सांगतो, आणि दुसऱ्याच्या लबाडीची झळ आपल्याला कुठे कुठे बसते तेही सोबत.

आधी हिशेब समजून घ्या

आकडे समजण्यापुरते घेऊ. १०० बोटी आहेत, प्रत्येकीचा विमा १० लाखांचा. वर्षभरात खरे नुकसान झाले १५ लाखांचे. कंपनीचा खर्च आणि नफा बाजूला ठेवला तर प्रत्येक बोटीच्या वाट्याला १५,००० रुपये आले. आता त्याच वर्षी एकाने जुनी बोट मुद्दाम बुडवून १० लाख घेतले आणि पाच जणांनी खऱ्या मोडतोडीत एकेक लाख फुगवून लावले. दाव्यांची बेरीज ३० लाख झाली, म्हणजे प्रत्येकाचा वाटा दुप्पट. त्यावर १८ टक्के जीएसटी आहेच, म्हणजे लबाडीच्या वाट्यावरही तुम्ही कर भरता.

मोटारींच्या बाबतीत हे इतके टोचत नाही, कारण तिथे भार वाटून घ्यायला लाखो गाड्या असतात. विमा उतरवलेल्या लहान बोटींचा गट मुळातच छोटा. त्यातही लाकडी बोटी वेगळ्या, फायबरच्या वेगळ्या, मासेमारीच्या वेगळ्या, प्रवासी वेगळ्या. गट जितका लहान तितका एकेका खोट्या दाव्याचा धक्का मोठा. पूर्वी दर टॅरिफने, म्हणजे सगळ्या कंपन्यांना लागू असलेल्या एकाच दरपत्रकाने, बांधलेले असायचे. आता ते कंपनी स्वतः ठरवते, आणि ठरवताना त्या प्रकारच्या बोटींवर आजवर किती दावे आले ते पाहते.

शिवाय लबाडीची किंमत फक्त दरात दिसत नाही. आउटबोर्ड (बोटीच्या मागच्या फळीला बाहेरून लावलेल्या) इंजिनांच्या 'चोऱ्या' वाढल्या की चोरीच्या कलमाला नव्या अटी चिकटतात. लाकडी बोटींना आगी लागू लागल्या की अमुक वर्षांपेक्षा जुनी बोट नको असे सांगितले जाते. काही वेळा किरकोळ दुरुस्तीचे संरक्षण काढून फक्त बोट पूर्ण गेली तरच पैसे, एवढेच देऊ करतात. हप्ता तोच राहतो, पण त्यात मिळणारी वस्तू आक्रसते. मला विचाराल तर दरवाढीपेक्षा हे जास्त वाईट, कारण दरवाढ पावतीवर दिसते आणि हे मात्र दावा करायची वेळ आल्यावरच कळते.

पायरी १: कागद एका नावावर आणा

मासेमारीची बोट असेल तर रिअलक्राफ्ट या ऑनलाइन व्यवस्थेतली नोंदणी आणि राज्याच्या १९८१च्या सागरी मासेमारी नियमन कायद्याखालचा मत्स्यव्यवसाय विभागाचा परवाना, हे दोन कागद आधी हवेत. प्रवासी बोटीची तपासणी आणि नोंदणी महाराष्ट्र सागरी मंडळाकडे. २०२१च्या अंतर्देशीय जलयान कायद्याखाली येणारी यांत्रिक बोट असेल तर विमा ऐच्छिक नाही, बंधनकारकच आहे.

घोळ होतो तो जुनी बोट घेताना. व्यवहार तोंडी, पैसे थोडे रोख थोडे खात्यावर, आणि परवाना वर्षभर जुन्या नाखव्याच्याच नावावर. पॉलिसी तुमच्या नावाची, बोट कागदोपत्री त्याची. बुडाली तर पहिला प्रश्न हाच येतो की नुकसान नेमके कोणाचे झाले? विमा त्यालाच मिळतो ज्याचे त्या वस्तूत हितसंबंध आहेत आणि ते कागदावर दाखवता येतात. तेव्हा नाव बदलून घ्या, मगच पॉलिसी. इंजिनाचा नंबरही नोंदीतल्या नंबराशी ताडून पाहा. इंजिन मधे कधी बदलले असेल तर नोंद जुन्याच नंबराची सापडते.

पायरी २: बोटीची रक्कम किती लावायची

इथे जरा थांबून वाचा, कारण नवखा माणूस लबाडीत ओढला जातो तो बहुतेक इथेच, आणि तेही हसतखेळत.

एजंट म्हणतो, "दादा, आठ लाखांची बोट आहे ना, बारा दाखवू. हप्त्यात थोडाच फरक, पण उद्या काही झालं तर पैसे जास्त." ऐकायला बरे वाटते. सागरी विम्यात रक्कम आधी ठरवून लिहिलेली पॉलिसी असते आणि १९६३च्या सागरी विमा कायद्याप्रमाणे ती ठरलेली रक्कम दोन्ही बाजूंना बांधील असते. पण त्याच वाक्यात एक अट आहे: फसवणूक नसेल तर. आठ लाखांना घेतलेली बोट बारा लाख सांगितली हे खरेदीखतावरून उघड झाले की ती ठरलेली रक्कम तुमच्या बाजूने बोलत नाही, तुमच्याच विरुद्ध उभी राहते. कंपनीच्या डोळ्यांनी पाहा. ज्याची बोट पाण्यात असण्यापेक्षा बुडण्यात चार लाखांनी जास्त किमतीची आहे, त्याच्या दाव्याकडे ती संशयानेच बघणार.

उलटी चूकही तितकीच नडते. हप्ता वाचवायला दहा लाखांची बोट पाच लाख दाखवली आणि पॉलिसी ठरलेल्या रकमेची नसेल, तर एक लाखाच्या मोडतोडीला पन्नास हजारच मिळतात. उरलेल्या अर्ध्या भागाचा विमा तुम्हीच स्वतःला दिला आहे, असे कायदा धरतो.

योग्य रक्कम काढायची रीत सोपी आहे. बांधणाऱ्याचे बिल किंवा खरेदीखत, इंजिनाचे बिल, वायरलेस, जीपीएस, फिश फाइंडर यांची बिले एकत्र करा, वयाप्रमाणे घट धरा. जुनी बोट असेल तर विम्याआधीच सर्व्हेअरकडून, म्हणजे बोट तपासणाऱ्या तज्ज्ञाकडून, मूल्यांकन करून घ्या. त्याची फी जिवावर येते, पण तो अहवाल पुढे ढाल म्हणून उपयोगी पडतो. जाळ्यांचे वेगळे विचारा. जाळी समुद्रात फाटली किंवा वाहून गेली तर बोटीच्या पॉलिसीत ती सहसा धरत नाहीत.

पायरी ३: अर्जातले प्रश्न स्वतः भरा

अर्ज एजंटने भरायचा आणि आपण खाली सही ठोकायची, हा रिवाज मोडा. विम्याचा करार पूर्ण विश्वासाचा असतो. जोखीम ठरवायला महत्त्वाची असलेली गोष्ट विचारली नाही तरी सांगायची जबाबदारी सागरी विम्यात विमा घेणाऱ्यावर असते. मागे दावा केला होता, एका कंपनीने नकार दिला होता, फळ्या बदलल्या आहेत, इंजिन दुसऱ्या बोटीवरून काढलेले आहे, हे सगळे लिहा.

सगळ्यात जास्त लपवले जाते ते बोटीचे काम. नवी मुंबईत हे ठळक दिसते. ठाणे खाडीत फ्लेमिंगो येतात, २०२२ पासून खाडीला रामसर (आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा) दर्जा आहे, हिवाळ्यात शनिवार-रविवारी माणसे कॅमेरे घेऊन येतात. मासेमारीची होडी रिकामी उभी, मग दहा जणांना फिरवून आणले तर काय बिघडले? बिघडते ते असे: पॉलिसीत वापर 'मासेमारी' लिहिलेला आहे. पर्यटक बसलेले असताना अपघात झाला तर बोटीचा दावाही अडकतो आणि जखमी माणसाची भरपाईही खिशातून जाते. मग "खलाशीच होते ते" असे सांगायचा मोह होतो, आणि तिथून साधी अटमोड फसवणूक होऊन बसते. फेऱ्या मारायच्याच असतील तर सागरी मंडळाचा परवाना आणि प्रवाशांचे संरक्षण, दोन्ही आधी घ्या. हद्दीचेही तसेच. पॉलिसीत खाडीपुरती मर्यादा असेल तर उरणच्या पुढे गेलेली बोट विम्याबाहेर गेली असे समजा.

पायरी ४: पैसे कंपनीच्याच खात्यात

विम्यातली लबाडी फक्त ग्राहक करतो असा समज आहे. विमा नियामक आयआरडीएआयने २०१३ साली फसवणुकीवर देखरेखीची चौकट घालून दिली तेव्हा तीन प्रकार मानले: ग्राहकाची, मध्यस्थाची आणि कंपनीच्या आतल्या माणसांची. नवख्याला सर्वांत धोका मधल्या प्रकाराचा.

बनावट पॉलिसी दिसायला अस्सलच असते. बोधचिन्ह, शिक्का, क्यूआर कोड, सगळे असते. म्हणून हप्ता एजंटच्या मोबाइलवर किंवा रोख देऊ नका. चेक किंवा ऑनलाइन, तोही कंपनीच्या नावाने. कायद्याप्रमाणे हप्ता कंपनीला मिळाल्याशिवाय जोखीम सुरूच होत नाही. एजंटने सोमवारी पैसे घेऊन शुक्रवारी भरले तर मधले चार दिवस बोट उघड्यावर असते. पॉलिसी हातात आली की नंबर कंपनीच्या संकेतस्थळावर टाकून पाहा किंवा शाखेत फोन करा. न्यू इंडिया, ओरिएंटल, युनायटेड इंडिया, नॅशनल या चार सरकारी कंपन्यांसह दोन-तीन ठिकाणचे दर मागवा. फक्त आकडा नको, अटींसह मागवा.

एक गोष्ट वेगळी ओळखा. प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजनेतला अपघात विमा माणसाचा आहे, बोटीचा नाही. त्यात मृत्यू किंवा कायमच्या पूर्ण अपंगत्वाला ५ लाख, कायमच्या अंशतः अपंगत्वाला अडीच लाख आणि रुग्णालयाच्या खर्चाला २५ हजारांपर्यंत मिळतात, आणि मच्छीमाराला हप्ता भरावा लागत नाही. खलाशांची नावे मच्छीमार संस्थेमार्फत त्यात घाला, पण बोटीचा विमा झाला असे समजू नका.

पायरी ५: अटींची चार पाने वाचा

पॉलिसीला जोडलेली कलमे बहुधा इंग्रजी असतात. मासेमारीच्या बोटीला १९८७ची इन्स्टिट्यूट फिशिंग व्हेसल क्लॉजेस, हौशी बोटीला १९८५ची यॉट क्लॉजेस. सगळे वाचणे कठीण, पण चार गोष्टी शोधाच.

पहिली म्हणजे प्रत्येक दाव्यात आधी तुम्ही सोसायची रक्कम. दुसरी, पावसाळ्यात बोट उभी ठेवायची अट. पश्चिम किनाऱ्यावर १ जूनपासून मासेमारी बंदी असते, त्या काळात बोट किनाऱ्यावर ओढलेली आहे असे लिहून दिले तर हप्त्यात सूट मिळते का ते विचारा. सूट घेतली तर मात्र त्या काळात गुपचूप खाडीत जाऊ नका. तिसरी, आउटबोर्ड इंजिन. यॉट क्लॉजेसप्रमाणे नेहमीच्या पकडीशिवाय वेगळे चोरीविरोधी कुलूप लावलेले असेल तरच चोरीचे पैसे, आणि इंजिन सैल होऊन पाण्यात पडले तर काहीच नाही. चौथी, बोट समुद्रात जाण्यालायक असणे. तळाशी पाणी झिरपते हे माहीत असून मालकाने बोट पाठवली आणि त्याच कारणाने ती गेली, तर कंपनी जबाबदार नाही.

मालकाला दिलासा देणारे एक कलमही या पानांत सापडते. तांडेलाने (बोट चालवणाऱ्या प्रमुखाने) किंवा खलाशांनी मालकाच्या नकळत बोटीचा घात केला तर ती जोखीम सहसा विम्यात येते. मालक सामील असला तर नाही. म्हणून तांडेलाशी पगाराचा वाद चालू असेल तर तो तोंडी ठेवू नका, लिहून ठेवा.

पायरी ६: वर्षभर पुरावा साठवा

खोट्या दाव्यांमुळे खऱ्या माणसाला जे ओझे वाहावे लागते ते हेच. बोटीचे तारखेसह फोटो दर दोन-तीन महिन्यांनी काढा: बाहेरून, आतून, तळ, इंजिनाचा नंबर, पंखा, सुकाणू. डागडुजीची बिले ठेवा. सुताराने बिल दिले नाही तर त्याच्या खात्यावर पैसे पाठवा, बँकेची नोंद पुरेशी बोलते. सोसायटीच्या डिझेल वहीतली नोंद आणि बंदरावर घेतलेले टोकन यांवरून बोट कधी बाहेर होती ते कळते. ऑगस्ट २०२४ मध्ये पालघरच्या कार्यक्रमात एक लाख बोटींना ट्रान्सपाँडर, म्हणजे बोटीचे ठिकाण कळवणारे यंत्र, बसवायची योजना सुरू झाली. तुमच्या बोटीवर तो असेल तर बंद करून ठेवू नका. बोट शेवटी कुठे होती याची नोंद त्यातून मिळते, आणि ज्याला ती मिळू द्यायची नसते तोच सहसा तो बंद करतो.

पायरी ७: अपघात झाला तर

आधी माणसे. तटरक्षक दलाचा नंबर १५५४, सागरी पोलिसांचा १०९३. त्यानंतर नुकसान वाढू नये म्हणून जे शक्य असेल ते करा: पाणी उपसा, बोट बांधा, इंजिन वर काढून गोड्या पाण्याने धुवा. विमा नसता तर जेवढी धडपड केली असती तेवढी विमा असतानाही करायची, असे कायदाच सांगतो, आणि त्याचा वाजवी खर्च मागता येतो. कंपनीला त्याच दिवशी लेखी कळवा, मेल किंवा मेसेज चालतो. पोलिसांत नोंद, पंचनामा, परवाना अधिकाऱ्याला पत्र. सर्व्हेअर येईपर्यंत तुटलेला भाग फेकू नका आणि दुरुस्ती सुरू करू नका.

सर्व्हेअर आयआरडीएआयचा परवाना असलेला स्वतंत्र माणूस असतो. तो काय बघतो ते बघण्यासारखे आहे. बुडालेली बोट वर काढली की सरळ तळाकडे जातो. तळाची फळी आतून बाहेर फुटली आहे की बाहेरून आत? खडकावर आपटली तर लाकडाचे धागे आतल्या बाजूला वळतात, आतून पहार मारली तर बाहेर. समुद्राचे पाणी आत घेणारी नळी क्लॅम्पवरून निसटली आहे की स्क्रू सैल केला आहे? स्क्रूच्या खाचेत गंज असेल तर त्याला बऱ्याच दिवसांत हात लागलेला नाही, आणि खाच चकाकत असेल तर नुकताच लागला आहे. इंजिन चोरीला गेले म्हटले तर मागच्या फळीवर पकडीचे व्रण शोधतो. वर्षभर बसलेल्या इंजिनाखाली रंग दबलेला आणि फिका असतो, तो नसेल तर तिथे इंजिन होते कधी? आणि खलाशांना एकेकटे विचारतो, त्या दिवशी बरोबर काय काय घेऊन उतरलात म्हणून.

हा शेवटचा प्रश्न साधा वाटतो. जानेवारी १९८०मध्ये सालेम नावाचे तेलवाहू जहाज सेनेगलजवळ बुडाले. घाईघाईत जहाज सोडलेले खलाशी सुटकेसाठी आलेल्या जहाजावर चढले तेव्हा त्यांच्याजवळ भरलेल्या बॅगा होत्या. बहुतेक तेल आधीच दरबानला उतरवलेले होते आणि मग जहाज मुद्दाम बुडवले होते. सागरी विम्यातल्या गाजलेल्या फसवणुकींपैकी ही एक. दिवाळ्याच्या होडीला सुपरटँकरचा न्याय कशाला असे वाटेल, पण प्रश्न तोच विचारला जातो.

जबाब देताना एकच पथ्य पाळा: जे माहीत नाही ते "माहीत नाही" म्हणा. खडकावर आपटून पंखा वाकला, ठीक. "होऊन जाऊ दे" म्हणत गेल्या वर्षीपासून कुरकुरणारा गिअरबॉक्सही त्यातच घातला, तर अख्खा दावा जाऊ शकतो. बहुतेक पॉलिसींत अट असते की दाव्यात फसवणूक आढळली तर सगळेच लाभ रद्द. पंख्याचे खरे पैसेही त्यात जातात. प्रकरण पोलिसांत गेले तर भारतीय न्याय संहितेचे कलम ३१८(४) आहे, शिक्षा सात वर्षांपर्यंत. आणि पुढच्या कंपनीच्या अर्जात "पूर्वी दावा नाकारला होता का" या रकान्यात 'होय' लिहावे लागते ते वेगळेच. गॅरेजवाला किंवा एजंट असे काही सुचवत असेल तर लक्षात घ्या, सही त्याची नसते.

पायरी ८: दावा अडला तर

नकार तोंडी घेऊ नका, कोणत्या अटीखाली नाकारले ते लेखी मागा. मग कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याकडे अर्ज करा. त्यासोबत आयआरडीएआयच्या बीमा भरोसा पोर्टलवर किंवा १५५२५५ या नंबरवरही तक्रार नोंदवता येते. महिन्याभरात उत्तर आले नाही किंवा पटले नाही तर विमा लोकपाल. वैयक्तिक विमेदार आणि सूक्ष्म उद्योगांच्या ५० लाखांपर्यंतच्या तक्रारी तिथे घेतात, फी नाही, वकील लागत नाही. नकारानंतर वर्षाच्या आत अर्ज करायचा. ठाणे आणि नवी मुंबईकरांसाठी आता ठाण्यातच कार्यालय आहे, सांताक्रूझची फेरी वाचली. जाताना पायरी ६ मधली फाइल, सर्व्हेअरच्या अहवालाची प्रत आणि नकाराचे पत्र न्या. अहवालाची प्रत कंपनीने आपणहून दिली नसेल तर तीही लेखी मागून घ्या.

नूतनीकरणाची तारीख शक्य असेल तर बंदीच्या काळात आणा. बोट ओढलेली असते, तळ उघडा असतो, सर्व्हेअरला बघायला सोपे आणि तुम्हालाही सवड असते. त्याच वेळी संस्थेतल्या चार-पाच जणांनी मिळून एकाच कंपनीकडे दर मागितले तर बोलणी बरी होतात. फक्त त्या चार-पाचांत कोणाला घ्यायचे ते नीट बघा, कारण त्यांचे दावे यापुढे तुमच्या हप्त्यात मोजले जाणार आहेत.